रोगाला नाव देताना

वाचकहो, लेवीय पुस्तकाचा तेरावा अध्याय आपण शेवटचा केव्हा वाचला? कौटुंबिक उपासनेत शास्त्रपाठ ओळीने चालला असला तरी या अध्यायाशी येताच वाचणाऱ्याचा आवाज मंदावतो आणि पुष्कळ घरांतून दोनचार पाने एकदम उलटली जातात. सूज, खवंद, तकतकीत डाग, पांढरे झालेले केस, कातडीत खोल गेलेला चट्टा. भक्तीच्या वेळी हे कशाला, असे कोणालाही वाटावे. तथापि एका फार अवघड नैतिक प्रश्नाची ही अतिप्राचीन आणि प्रामाणिक नोंद आहे, असे मला वाटते. ज्या नावाने मनुष्याचे घर, विवाह, उपजीविका आणि मंडळीतील स्थान ही सारी एका क्षणात पालटून जातील, असे नाव त्याच्या अंगावरील डागाला केव्हा द्यावे? किती पाहिल्यानंतर, किती खात्री झाल्यानंतर? आणि ते देण्याचा अधिकार कोणाचा?

त्या अध्यायातील याजक वैद्य नाही. तो औषध देत नाही, लेप लावीत नाही. तो केवळ पाहतो. डाग कातडीपेक्षा खोल दिसतो काय, त्यातील केस पांढरे झाले आहेत काय, एवढ्याने निर्णय होत नसेल तर तो त्या मनुष्याला सात दिवस वेगळे ठेवतो, पुन्हा पाहतो, आणि तरीही संशय राहिला तर आणखी सात दिवस थांबतो (लेवीय १३:४-६). एका डागासाठी दोन आठवडे! पुढच्या अध्यायात घरांविषयी एक बारीक तरतूद आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भिंतीला चट्टा दिसल्याचे मालकाने येऊन सांगितले, की याजक तेथे जाण्यापूर्वी घरातील सर्व सामान बाहेर काढावयास लावतो, म्हणजे त्या वस्तू अशुद्ध ठरू नयेत (१४:३६). जरा विचार करून पाहा. चट्टा तर आधीपासूनच भिंतीवर आहे. मडकी, घोंगड्या, धान्य कालही त्याच घरात होते. मग ती अशुद्ध केव्हा होतात? याजकाने तसा उच्चार केल्यावर. नाव दिल्याने एक नवी वस्तुस्थिती जन्माला येते हे त्या नियमशास्त्राला पक्के ठाऊक आहे, आणि म्हणूनच उच्चारापूर्वी जे वाचविता येईल ते वाचवून घ्या, असे ते सांगते.

ज्या हिब्रू शब्दासाठी आपल्या भाषांतरात 'महारोग' किंवा 'कुष्ठरोग' येतो, तो 'त्साराअथ' हा शब्द वस्त्राच्या आणि भिंतीच्या डागालाही लागतो. तेव्हा ते कोणा एका जंतूपासून होणाऱ्या रोगाचे नाव नव्हे, हे उघड आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्याला 'लेप्रा' म्हटले, म्हणजे खवले सुटणारा विकार. आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो त्याला ग्रीक वैद्यांचा शब्द निराळाच होता. पुढे शतकांच्या ओघात दोहोंची सरमिसळ झाली, आणि इस्राएलाच्या छावणीबाहेरील मनुष्याचे सारे ओझे एका निराळ्याच रोगाच्या माथी आले. आपल्याकडे तरी काय झाले? आयुर्वेदातील 'कुष्ठ' अठरा प्रकारचे. त्यात नाना त्वचाविकार येतात. अंगावर पांढरे कोड आले तर त्याला 'श्वेतकुष्ठ' म्हणण्याची चाल पडली. कोड हा कातडीतील रंगद्रव्य नाहीसे होण्याचा विकार आहे. तो स्पर्शाने पसरत नाही, त्यात बधिरपणा नाही. परंतु नावात 'कुष्ठ' शिरल्यामुळे किती मुलींची स्थळे परत गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पांढऱ्या डागात पांढरा केस हे लेवीयातील लक्षण आजच्या कुष्ठरोगापेक्षा कोडालाच अधिक जुळते, हीही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यातील केस पांढरे होत नाहीत, ते विरळ होतात.

आता आपण आजच्या तपासणीच्या खोलीत येऊ. त्वचेच्या विकारांचा एक मोठा वर्ग असा आहे की ज्यात हा नावाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. या वर्गाला ग्रॅन्युलोमाचे विकार म्हणतात. ग्रॅन्युलोमा म्हणजे काय ते साध्या शब्दांत सांगतो. शरीरात एखादी अशी वस्तू शिरली की जिला मारता येत नाही, पचविता येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही, तर शरीरातील भक्षक पेशी तिच्याभोवती जमतात, एकमेकींना चिकटून दाटी करतात, काही एकत्र वितळून अनेक केंद्रांच्या राक्षसी पेशी बनतात, आणि त्या शत्रूभोवती एक तट उभा राहतो. त्वचेत असा तट उभा राहिला की वरून आपल्याला एक गाठ, एक उंचवटा, एक तांबूस किंवा पिवळसर चट्टा दिसतो. अडचण ही, की शत्रू कोणीही असला तरी तट पुष्कळसा सारखाच असतो. क्षयाचा जंतू असो, कुष्ठाचा असो, वालुमाशीने सोडलेला लीशमानियाचा परजीवी असो, कुंपणाच्या काट्याबरोबर आत गेलेली बुरशी असो, मोडून राहिलेला काटाच असो, गोंदणाचा रंग असो. वरून दिसणारा उंचवटा एकमेकांशी इतका मिळताजुळता असतो की अनुभवी डोळाही फसावा. आणि सार्कॉइडोसिस नावाच्या विकारात तर तट आहे पण शत्रू सापडतच नाही. नॉर्वेतील बक यांनी १८९९ मध्ये त्याला हे नाव दिले ते सुद्धा मांसार्बुदासारखा दिसतो एवढ्यावरून. दिसण्यावरून दिलेली नावे किती काळ टिकतात त्याचा हा एक नमुना.

तेव्हा परीक्षा कोठून सुरू होते? डोळ्यापासून, पण त्याआधी कानापासून. आपण कोठले, हा प्रश्न रेल्वेच्या डब्यात विचारतात तसा हा केवळ ओळखीचा प्रश्न नव्हे. बिकानेरकडून आलेल्या मनुष्याच्या गालावरील न भरणारा फोड आणि बिहारमधून आलेल्या मनुष्याच्या अंगावरील फिकट डाग यांचा विचार निराळ्या दिशेने करावा लागतो. बिहार, झारखंड, बंगाल या भागांत काळाआजार होऊन गेल्यावर काही महिन्यांनी वा वर्षांनी चेहऱ्यावर आणि अंगावर फिकट डाग व गाठी येतात. त्या हुबेहूब कुष्ठरोगासारख्या दिसतात आणि अनेकांना त्यामुळे चुकीचे नाव चिकटले आहे. दोहोंतील भेद काय? त्या डागांतील संवेदना शाबूत असते.

हा भेद डोळ्याला दिसत नाही. तो हाताला कळतो, किंवा अधिक नेमके म्हणजे, तो रोग्यालाच कळतो. डॉक्टर कापसाची बारीक वात करून चट्ट्यावर टेकवितो. रोग्याने डोळे मिटलेले असतात. स्पर्श जाणवला तर त्याने त्या जागी बोट ठेवावयाचे. रोग्याने सांगितल्याखेरीज ही परीक्षा पुरी होत नाही. चेहऱ्यावर ती फसवी ठरू शकते, कारण तेथे मज्जातंतूंचे जाळे दाट असल्यामुळे रोग असूनही स्पर्श कळतो. मग कोपराच्या आतील बाजूची नस, मानेवरून कानाकडे जाणारी नस, गुडघ्याच्या बाहेरील अंगाची नस बोटांनी चाचपून पाहावयाची. ती जाड झाली आहे काय, दाबल्यावर दुखते काय. फिकट किंवा तांबूस चट्टा आणि त्यात निश्चित बधिरता. जाड झालेली नस आणि तिच्या क्षेत्रात बधिरपणा अथवा दुर्बलता. कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन काढलेल्या द्रवात दिसणारे जंतू. या तीन प्रमुख चिन्हांपैकी एक जरी खात्रीने मिळाले तरी कुष्ठरोगाचे निदान होते. म्हणजे पुरुलियाच्या एखाद्या खेड्यात, जेथे सूक्ष्मदर्शक नाही, तेथेही कापूस आणि शिकलेला हात एवढ्या सामग्रीवर बहुतेक रोग्यांना न्याय मिळू शकतो. लेवीयातील याजकाजवळ हे साधन होते, परंतु त्याला स्पर्श करून पाहण्यास सांगितलेले नव्हते. इतक्या बारीक नियमांच्या अध्यायात 'तुला येथे लागते काय' असा प्रश्न एकदाही येत नाही.

कुष्ठरोगात न्यायाची पहिली पायरी स्पर्श आहे, असे मी म्हणतो ते भावनेच्या भरात नव्हे. ज्या रोगाच्या भयाने मनुष्याने मनुष्याला शिवणे सोडले, तोच रोग शिवल्यावाचून ओळखता येत नाही.

यानंतर काचेची पाळी. जुनी रीत अशी की चट्ट्यावर काचेची पट्टी दाबून धरावयाची. रक्त बाजूला सरते आणि ग्रॅन्युलोमा असेल तर खाली पिवळसर तपकिरी ठिपके दिसतात. त्वचेच्या क्षयात त्यांना सफरचंदाच्या जेलीची उपमा देतात. गेल्या काही दशकांत डर्मोस्कोप हे छोटे उपकरण त्वचारोगतज्ज्ञांच्या हाती आले आहे. प्रकाश देणारे भिंगच ते. साधारण दहापट मोठे दाखविते, आणि पृष्ठभागाची चकाकी मारून कातडीच्या किंचित आत पाहू देते. ग्रॅन्युलोमाच्या जागी नारिंगी पिवळसर, आकारहीन असे पट्टे आणि त्यांवरून फांद्यांसारख्या गेलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. कुष्ठाच्या चट्ट्यात त्वचेच्या रंगाची नेहमीची जाळी तुटलेली, केस कमी आणि घामाची छिद्रे दाखविणारे पांढरे बिंदू विरळ झालेले आढळतात. उपयोग मोठा आहे : कोठला तुकडा काढावा हे कळते, आणि काही वेळा तुकडा काढण्याचेही टळते. पण हे भिंग 'तट येथे आहे' असे सांगते. 'शत्रू अमुक' असे बहुधा सांगत नाही. आपल्या सावळ्या कातडीत तांबूस छटा मुळातच कमी दिसतात, त्यामुळे गोऱ्या कातडीवर लिहिलेली वर्णने आपल्याकडे जशीच्या तशी लागू करून चालत नाही. उपकरण विदेशातून आणता येते, नजर येथेच तयार करावी लागते.

शेवटी बायॉप्सी. जागा बधिर करून चार-पाच मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने, चट्ट्याच्या वाढत्या कडेजवळून, खालच्या चरबीपर्यंत पोहोचेल असा तुकडा घेतात. एखादा टाका पडतो. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, मग मेणात, मग केसाहूनही पातळ कापांत, आणि रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली जातो. सामान्य माणसाची समजूत अशी की येथे सारा वाद मिटला. पुष्कळदा मिटतो देखील. मध्यभागी पनीरासारखा मृत भाग असेल तर क्षयाकडे बोट जाते. लांबट ग्रॅन्युलोमा मज्जातंतूच्या वाटेने गेलेले आणि तंतू खाऊन टाकलेला असेल तर कुष्ठरोग. भोवती लसिका पेशींची गर्दी नसलेले उघडे तट असतील तर सार्कॉइड. ध्रुवित प्रकाशात काही चमकले तर परकीय कण. मुंबईत आयुष्य घालविलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर, ज्यांना भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानतात, त्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास कुष्ठाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचे असे काप अभ्यासून रोग आणि मज्जातंतू यांचे नाते उलगडून दाखविण्यात मोठा वाटा उचलला. रोग अजून डोळ्यांना डागासारखाही धड दिसत नाही, तेव्हाच तंतूच्या आत त्याचे काम सुरू झालेले असते.

पण पुष्कळदा वाद मिटत नाही. अहवालावर एवढेच येते : ग्रॅन्युलोमाचा दाह दिसतो, रोग्याच्या प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे. रोगी हा कागद घेऊन वैतागतो. एवढा खर्च, एवढा टाका, आणि हाती हेच? मला मात्र या वाक्याचा आदर वाटतो. सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या तज्ज्ञाने रोग्याला पाहिलेले नाही, त्याची नस चाचपलेली नाही. तो सांगतो की माझ्या खिडकीतून मला इतके दिसते. बाकीचे ज्याने त्या मनुष्याला स्पर्श केला त्याने सांगावे. ज्या तपासणीपत्रावर पाठविणाऱ्याने रोग्याचे गाव, चट्ट्याची मुदत, संवेदना, काहीच न लिहिता नुसते 'त्वचेचा तुकडा' असे खरडलेले असते, त्याचे उत्तर अपुरे आले तर दोष कोणाचा? निदान हे असे अनेकांच्या साक्षीने होते, आणि एका साक्षीदाराच्या मुखाने दोष सिद्ध होऊ नये हा नियम (अनुवाद १९:१५) येथे किती शहाणपणाचा आहे ते दिसून येते.

येथे कोणी म्हणेल : खात्रीचा हा सारा विस्तार ठीक, पण तोवर रोग थांबतो काय? आक्षेप खरा आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. कुष्ठाचा जंतू अतिशय मंद. तो एकदा दुभागण्यास बारा ते चौदा दिवस घेतो, आणि शिरकावानंतर लक्षणे दिसण्यास सरासरी पाच वर्षे, कधी वीसही लागतात. प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमावर तो आजवर कोणालाही वाढविता आलेला नाही. परंतु मज्जातंतूंना सूज येऊन प्रतिक्रिया उठली, तर काही दिवसांत हात वाकडा होतो किंवा डोळ्याची पापणी मिटेनाशी होते. अशा वेळी अहवालाची वाट पाहत बसणे हे सावधपण नव्हे, ती क्रूरता आहे. उलट दिशेनेही तेच. क्षय असताना सार्कॉइड समजून स्टेरॉइड दिले तर आग भडकते. सार्कॉइड असताना क्षय समजून महिनोन्महिने गोळ्या दिल्या तर फायदा नाहीच, वर यकृताला अपाय होण्याची भीती. घाईने इजा होते, विलंबानेही होते.

माझे मत असे आहे. औषध सुरू करण्यास लागणारी खात्री आणि नाव जाहीर करण्यास लागणारी खात्री या दोन निराळ्या आहेत, आणि आपण त्यांची गल्लत करतो. डॉक्टरने प्रबळ संशयावर उपचार आरंभावा. नस वाचविणे हे त्याचे पहिले कर्तव्य. त्यासाठी त्याने रोग्याला सांगावे की मला अमुक शंका आहे, ती इतकी आहे, अमुक तपासणीने ती दूर किंवा पक्की होईल. हे सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. पण सासरच्यांना, वसतिगृहाच्या अधीक्षकाला, कारखान्याच्या मालकाला सांगणे हे त्याचे काम नाही, खात्री झाल्यावरही नाही. नाव रोग्याचे आहे. ते कोणाला सांगावे हे त्याने ठरवावे. संसर्गाची सबब येथे टिकत नाही, कारण बहुऔषधी उपचाराच्या पहिल्या मात्रांनंतर लवकरच संसर्गाचा धोका नाहीसा होतो, आणि बहुसंख्य लोकांच्या अंगी या जंतूविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ती असते.

आणखी एक मोह आहे, तो दयेच्या रूपाने येतो, म्हणून अधिक धोक्याचा. रोग्याला धक्का बसू नये म्हणून खरे नाव न सांगता 'त्वचेचा साधा विकार आहे, या गोळ्या घ्या' असे म्हणणे. घरातील मंडळीही डॉक्टरला तशीच गळ घालतात. परिणाम? साधा विकार म्हणून तो मनुष्य दुसऱ्या महिन्यात गोळ्या सोडतो. तळपाय बधिर आहे हे ठाऊक नसल्याने अनवाणी शेतात जातो, चुलीवरचे पातेले उघड्या हाताने उचलते ती स्त्री फोड आल्यावरच जागी होते. बोटे कुष्ठाच्या जंतूने झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे न कळत होणाऱ्या जखमांनी झडतात, हे वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी जगाला पटवून दिले. म्हणजे जे नाव लपविले त्याच्या जागी जखम आली. सत्य सांगणे येथे उपचाराचाच भाग आहे.

ज्ञानाची तहान आणि मनुष्याचा मान यांत कोणाला प्राधान्य, हा प्रश्न या रोगाच्या इतिहासात अगदी न्यायालयापर्यंत गेलेला आहे. बर्गेन येथील डॉ. गेरहार्ड आर्माउअर हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठाचा जंतू प्रथम पाहिला. हा रोग रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या येतो, असा त्या काळच्या मोठ्या वैद्यांचा सिद्धांत होता, आणि त्यांत हान्सेन यांचे सासरे डॉ. डॅनिएलसेन हेही होते. तो खोडून काढण्यास हान्सेन यांना पुरावा हवा होता. १८७९ मध्ये त्यांनी रुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रोग्याच्या गाठीतील द्रव्य सुईने टोचले. ती स्त्री आधीच त्या रोगाच्या एका प्रकाराने पीडित होती. दुसरा प्रकार उठतो काय हे त्यांना पाहावयाचे होते. तो उठला नाही. १८८० मध्ये न्यायालयाने हान्सेन यांना रुग्णालयातील पदावरून दूर केले. त्यांचा जंतूविषयीचा सिद्धांत बरोबर होता, हे आपण जाणतो. आज रोगाला त्यांचेच नाव आहे. तरीही न्यायालयाने दिलेला निकाल मला योग्यच वाटतो. बायॉप्सीचा छोटासा तुकडा घेण्यापूर्वी आज जी संमती विचारली जाते, ती कधी कधी घाईने, कागदावर अंगठा उमटविण्यापुरती विचारली जाते. रोग्याच्या भाषेत दोन वाक्ये बोलावयास किती वेळ लागतो?

नावाचे ओझे कायद्यानेही वाहिले आहे, आणि येथे आपला ख्रिस्ती समाज दूर उभा राहू शकत नाही. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. पण त्याहून आपल्याला जवळची गोष्ट निराळी आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली मोठी सुधारणा झाली; ख्रिस्ती स्त्रियांना समान अधिकार मिळाला म्हणून आपण तिचे स्वागत केले, ते योग्यच होते. परंतु त्याच सुधारणेने घटस्फोटाच्या कारणांत 'असाध्य' कुष्ठरोगाचा समावेश झाला. असाध्य! जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधी उपचाराची शिफारस १९८१ मध्ये केली होती, त्याला तोवर वीस वर्षे झाली होती; सहा किंवा बारा महिन्यांत बऱ्या होणाऱ्या रोगाला विधिग्रंथात नव्याने असाध्य म्हटले गेले. विधी आयोगाने २०१५ मध्ये असे भेदभाव दूर करण्याची शिफारस केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कारण आपल्या व इतरांच्याही विवाहविषयक कायद्यांतून गेले. अठरा वर्षे ते तेथे होते. आपल्या किती सभांतून, किती मासिकांतून त्याविरुद्ध शब्द निघाला, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. कुष्ठसेवेचा वारसा तर आपण अभिमानाने सांगतो : वेल्स्ली बेली यांनी १८७४ मध्ये स्थापिलेले मिशन, नैनी, पुरुलिया, कोठारा, कारिगिरी. हा वारसा खरा आहे. पण रुग्णालय बांधणे एक, आणि बऱ्या झालेल्या मनुष्याची मुलगी सून म्हणून घरात घेणे दुसरे.

शुभवर्तमानातील तो प्रसंग आपण सर्वजण जाणतो. मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे. कुष्ठरोगी येतो, गुडघे टेकतो, आणि प्रभू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. उपदेशांतून यातील दया वारंवार सांगितली जाते. मला त्यातील क्रम लक्षणीय वाटतो. स्पर्श आधी होतो. 'शुद्ध' हा शब्द नंतर येतो. आणि याजकाकडे जाऊन स्वतःला दाखव ही आज्ञा त्याहूनही नंतर (मार्क १:४१-४४). म्हणजे प्रभू परीक्षेची व्यवस्था मोडीत काढीत नाही. समाजाने मान्य करावयाचा निर्वाळा ज्याच्या हाती आहे त्याच्याकडूनच तो घे, असे सांगतो. पण त्या निर्वाळ्याची वाट पाहून मग तो हात पुढे करीत नाही. दुसरीकडे बेथानीतील तो शिमोन. त्याच्या घरी प्रभू भोजनास बसला आहे (मार्क १४:३), घरात पाहुणे आहेत, सुगंधी तेलाची कुपी फुटते आहे. हा मनुष्य बरा झालेला असला पाहिजे. तरी शुभवर्तमानकार त्याला 'कुष्ठरोगी शिमोन' असेच म्हणतो. गावात त्याची ओळख तीच राहिली होती.

आणि हे नाव पुसणे हे नाव देण्याहून अवघड आहे, हे आजचा डॉक्टरही जाणतो. उपचार पुरा झाल्यावर जंतू मेलेले असतात, परंतु मेलेले जंतू द्रवाच्या तपासणीत पुढे काही वर्षे दिसू शकतात. ग्रॅन्युलोमा ओसरण्यास वेळ लागतो. चट्ट्याचा रंग कधी परत येतो, कधी येत नाही. गेलेली संवेदना पुष्कळदा येत नाही. कापूस टेकविला तर तो मनुष्य आजही बोट ठेवणार नाही. ज्या चिन्हांवरून नाव दिले ती चिन्हे तशीच, आणि रोग मात्र गेलेला. भारताने २००५ च्या अखेरीस सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे ठरविले. तरी २०२३ मध्ये देशात लाखाहून अधिक नवे रोगी नोंदले गेले, जगातील निम्म्याहून अधिक. यातील बहुतेक बरे होतील, आणि बरे झाल्यावर तोच डाग घेऊन गावी परततील.

लेवीयाच्या चौदाव्या अध्यायात अशा मनुष्यासाठी एक तरतूद आहे. बरा झालेला मनुष्य आत येऊन आपली परीक्षा करून घेत नाही, कारण त्याला आत येण्यास मनाई आहे. म्हणून याजकच छावणीबाहेर त्याच्याकडे चालत जातो (१४:३). डाग पाहतो, आणि परतताना त्याला शुद्ध म्हणून येतो. आपल्या मंडळ्यांतून ज्या घराला 'त्यांच्यात तो रोग होता' असे अजून म्हटले जाते, त्या घरी पाळकांनी आणि पंचांनी जाऊन बसण्याचा, त्यांच्या हातचा चहा घेण्याचा आणि बाहेर येऊन चारचौघांत 'तेथे आता रोग नाही' असे सांगण्याचा प्रघात अजून पडलेला नाही. येत्या जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे कुष्ठरोग दिनी, वर्गणीच्या पाकिटाबरोबर हा विषयही पंचांच्या सभेपुढे ठेवता येईल.